कॅसँड्रा: तीन रात्री डिलीट केलं आणि डिस्क आणखी भरली (इंदूर, मदत हवी)

रामबागी | १२ जून, रात्री ११.४८

मंडळी, अजून ऑफिसातच आहे. सराफ्यात खायला जायचा बेत होता, तो बोंबलला.

आमचं काम गाड्यांच्या ट्रॅकिंगचं. बस, ट्रक, शाळेच्या व्हॅन. प्रत्येक गाडी दर दहा सेकंदांनी आपला ठावठिकाणा कळवते आणि तो कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये जातो. आवृत्ती ३.११, सहा नोड (म्हणजे सर्व्हर), रेप्लिकेशन फॅक्टर ३ (प्रत्येक ओळीच्या तीन प्रती), दर नोडला २ टीबीची एसएसडी. कॉम्पॅक्शन स्ट्रॅटेजी, म्हणजे फाइली एकत्र करायची रीत, कोणी कधी बदललेलीच नाही, म्हणजे साइज टिअर्ड.

कराराप्रमाणे नव्वद दिवसांचा डेटा ठेवायचा असतो. पण त्याआधीचा कधी कोणी काढलाच नाही. मागच्या महिन्यात चौथा नोड ८४ टक्क्यांवर गेला, तेव्हा मी एक स्क्रिप्ट लिहिली: नव्वद दिवसांपलीकडच्या ओळी शोधायच्या आणि एकेक डिलीट मारायची. ९ ते ११ जून अशा तीन रात्री ती चालली. आज सकाळी उत्साहाने बघायला गेलो तर ९१ टक्के.

कॉम्पॅक्शन चालून राहिलंय, पण जागा काही सुटत नाही. साहेबांना सोमवारी उत्तर द्यायचंय. काय चुकलं?

पोहे_जिरावण | १२ जून, रात्री ११.५५

भिया, नोडटूल कॉम्पॅक्ट ही कमांड मार आणि घरी जा. सकाळपर्यंत सगळं चकाचक.

जुना_खलाशी | १३ जून, मध्यरात्र १२.१०

रामबागी, हात बांधून बस. ते अजिबात मारू नकोस. मारलं असशील तर आधी नोडटूल स्टॉप कॉम्पॅक्शन दे, मग पुढचं वाच.

कॅसँड्रा डिस्कवरची फाइल कधी खोडून दुरुस्त करत नाही. लिहिलेलं आधी कमिट लॉगमध्ये आणि मेमरीतल्या मेमटेबलमध्ये जातं. मेमटेबल भरला की तो एसएसटेबल म्हणून डिस्कवर उतरतो, आणि एकदा उतरला की त्या फाइलला पुन्हा हात लागत नाही. अशा फाइली साचत जातात. चार-दोन फाइली वाचायच्या, त्यातलं जुनं-नवं बघायचं, नवं तेवढं ठेवून एक ताजी फाइल लिहायची आणि मग जुन्या फेकायच्या, याचं नाव कॉम्पॅक्शन. ही कल्पना कॅसँड्राची नव्हे. लॉग स्ट्रक्चर्ड मर्ज ट्रीवरचा ओ'नील मंडळींचा निबंध १९९६ चा, गूगलच्या बिगटेबलचा २००६ चा, आणि फेसबुकने कॅसँड्रा खुलं केलं ते २००८ मध्ये.

आता तुझं दुखणं. नवी फाइल पूर्ण लिहून होईपर्यंत जुन्या जागेवरच राहतात. दिवाळीत माळा काढताना काय होतं, आठव. डबे, परातीची चळत, मोडका पंखा, सगळं आधी हॉलमध्ये मांडावं लागतं, तेव्हा कुठे त्यातलं टाकायचं ते हाताला लागतं. ज्याच्या हॉलमध्येच पाय ठेवायला जागा नाही, त्याने माळा काढायला घेऊ नये. नोडटूल कॉम्पॅक्ट म्हणजे घरातले सगळे माळे एकाच दुपारी उतरवणं. तुझ्याकडे मोकळी जागा किती आणि ते टेबल केवढं, आधी सांग.

झोपण्यापूर्वी एवढं टाक: सहाही नोडच्या डीएफचे (डिस्क किती टक्के भरली त्याचे) आकडे, चौथ्या नोडवर त्या टेबलच्या फाइलींचे आकार, आणि नोडटूल लिस्टस्नॅपशॉट्स, म्हणजे बाजूला ठेवलेल्या प्रतींची यादी.

पोहे_जिरावण | १३ जून, मध्यरात्र १२.१४

सॉरी काका. आमच्याकडे चाललं होतं.

जुना_खलाशी | १३ जून, मध्यरात्र १२.१६

टेबल लहान असेल. आणि त्यानंतर तुमच्याकडे एकच अगडबंब फाइल झाली असेल, जिला आता जोडीदार मिळत नाही. जाऊन बघा.

वडोदऱ्याची_मी | १३ जून, सकाळी ७.३०

काकांनी कॉम्पॅक्शनचं सांगितलं, मी डिलीटचं सांगते, कारण हा मार मी स्वतः खाल्लाय.

या पद्धतीच्या डेटाबेसमध्ये डिलीट म्हणजे एक नवीन लेखन असतं. फाइलला हात लावायचा नाही म्हटल्यावर खोडणार कसं? म्हणून ‘अमुक ओळ गेली’ अशी एक पाटी लिहिली जाते, ती टूम्बस्टोन. दादा, तू तीन रात्री काही काढलं नाहीस, कोट्यवधी पाट्या लिहिल्यास. मूळ ओळी जुन्या फाइलींत आहेत तशाच आहेत. ८४ चे ९१ यातूनच झाले, थोडा रोजचा नवा डेटा आणि बाकी तुझ्या पाट्या.

पाटी लगेच फेकताही येत नाही. जीसी ग्रेस सेकंद्स नावाची एक मुदत असते, मुळात ८,६४,००० सेकंद, म्हणजे बरोबर दहा दिवस. आम्ही ऑफिसात त्याला सुतकच म्हणतो. दहा दिवस का? तर गेल्याची बातमी सगळ्या नातेवाइकांपर्यंत, म्हणजे तीनही प्रतींपर्यंत, पोचायला हवी. एखादा नोड त्या वेळी बंद असला तर ती बातमी रिपेअर, म्हणजे प्रतींची जुळवणी, चालवल्यावर त्याला कळते. दहा दिवसांत ती पोचली नाही आणि बाकीच्यांनी सुतक फेडून पाटी टाकून दिली, तर गावाकडचा तो काका उठतो आणि गेलेल्या माणसाच्या नावाने लग्नपत्रिका पाठवतो. डेटाबेसला वाटतं, अरे, ही ओळ दोघांकडे नाही, यांचीच राहून गेलेली दिसते, आणि तो ती सगळीकडे परत पसरवतो. मेलेला डेटा जिवंत होतो.

म्हणून एक विचारते. रिपेअर शेवटचा कधी चालवला होता?

रामबागी | १३ जून, सकाळी ९.२०

ताई, रिपेअर दर रविवारी चालतो. तेवढं एक काम आधीच्या माणसाने नीट लावून ठेवलं होतं.

काका, हे घ्या.

सहा नोड: पहिला ८९, दुसरा ८८, तिसरा ९०, चौथा ९१, पाचवा ५८, सहावा ५७.

चौथ्यावर लोकेशनच्या टेबलच्या फाइली: ४१२ जीबी, ३५५ जीबी, ११८, १०४, ९६, आणि मग बारीकसारीक मिळून १६५. एकूण १२५० च्या आसपास. बाकी टेबलं १२० जीबी. मोकळी जागा जेमतेम १७० जीबी.

लिस्टस्नॅपशॉट्स एवढ्या ओळी दाखवतंय की खाली जायला वेळ लागला. ट्रू साइजची बेरीज २९० जीबी. यातलं मी एकही काढलेलं नाही, आईशप्पथ.

जुना_खलाशी | १३ जून, सकाळी १०.०५

तू काढले नसतील, ट्रंकेटने काढले. ऑटो स्नॅपशॉट मुळात चालू असतो. कोणी टेबल ट्रंकेट (रिकामं) केलं किंवा ड्रॉप केलं (काढूनच टाकलं) की डेटाबेस गुपचूप त्याची एक प्रत बाजूला ठेवतो, चुकून केलं असेल तर असू दे म्हणून. स्नॅपशॉटच्या नावात ‘ट्रंकेटेड’ असं दिसतंय का बघ.

स्नॅपशॉट म्हणजे हार्ड लिंक, त्याच फाइलीला दुसरं नाव. काढला त्या क्षणी त्याला जागा लागत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण मूळ फाइल कॉम्पॅक्शनमध्ये गेली की ती फक्त स्नॅपशॉटच्या नावावर उरते आणि तेव्हापासून खरी जागा खाते. पहिल्या दिवशी शून्य, सहा महिन्यांनी तुझ्यासारखे २९०.

आता तुझ्या फाइली बघ, सगळं त्यातच आहे. साइज टिअर्ड काय करतं? साधारण एका मापाच्या चार फाइली जमल्या की त्यांची एक करतं. ११८, १०४, ९६ या तीन बसल्यात, चौथ्या भिडूची वाट बघत. तो आला की चारशे जीबीची आणखी एक फाइल होणार, म्हणजे थोरल्या तीन. पुढे कधीतरी चौथी थोरली जमणार आणि तो दीड टीबीचा ढीग एकदम उपसायला निघणार. तेवढी जागा सापडली नाही की मोठी फाइल वगळून धाकट्यांवर भागवणार. म्हणजे तुझ्या ४१२ आणि ३५५ मधल्या दोन वर्षांपूर्वीच्या ओळी आणि या आठवड्यात लिहिलेल्या पाट्या यांची गाठच पडत नाही. पाट्या धाकट्या फाइलींत, प्रेतं थोरल्या फाइलींत. कॉम्पॅक्शन चालतंय आणि जागा सुटत नाही, ते यामुळे.

एका फाइलीतल्याच टूम्बस्टोनचं प्रमाण २० टक्क्यांपुढे गेलं तर कॅसँड्रा ती फाइल एकटीच घासते, पण थोरल्या फाइलींत पाट्याच नाहीत, तर प्रमाण शून्य. त्या कधीच निवडल्या जाणार नाहीत.

साइज टिअर्डवर डिस्क निम्मी मोकळी ठेवा असं सांगतात ते या हिशेबाने. साहेबांना ती रिकामी दिसते. ती हॉलमधली जागा आहे.

नवखा२३ | १३ जून, सकाळी १०.४०

मी शिकतोय, चूकभूल द्यावीघ्यावी. दोन शंका. १) त्या जुन्या थोरल्या फाइली सरळ आरएम कमांडने उडवल्या तर? २) जीसी ग्रेस शून्य केलं तर पाट्या लगेच जातील ना?

वडोदऱ्याची_मी | १३ जून, सकाळी ११.१५

पहिल्याला उत्तर: थोरल्या फाइलीत फक्त जुनंच आहे कशावरून? साइज टिअर्ड तारखेकडे बघतच नाही, आकाराकडे बघतं. ४१२ मध्ये दोन वर्षांपूर्वीची बस असेल तशीच गेल्या महिन्यातली व्हॅनही असेल. उलट एखादी धाकटी फाइल उडवलीस आणि तिच्यात पाट्या असल्या, तर मेलेलं सगळं उठून बसेल.

दुसऱ्याला: शून्य नको रे बाबा. नोड तीन तासांपर्यंत बंद असला तर बाकीचे त्याच्यासाठी निरोप साठवून ठेवतात, ते हिंट्स. त्या हिंटचं आयुष्यही जीसी ग्रेसला बांधलेलं असतं. मुदत शून्य केली की निरोप लिहिल्याबरोबर शिळे. नोड परत येतो आणि त्याला कोणीच काही सांगत नाही. शिवाय या प्रश्नात जीसी ग्रेस आड येतच नाहीये. पाटी आणि ओळ एकाच कॉम्पॅक्शनमध्ये भेटल्या तर ओळ त्याच क्षणी जाते, दहा दिवस थांबावं लागतं ते पाटीला. अडचण भेट होत नाही ही आहे.

ग्वाल्हेरकर | १३ जून, दुपारी १.३२

सगळे फाइली मोजताहेत, नोडचे आकडे कोणी बघितले का? जुने चार ८८ च्या पुढे आणि शेवटचे दोन ५८ ला. हे दोन नंतर जोडलेत ना? जोडल्यावर जुन्या चारांवर क्लीनअप चालवला होता का?

रामबागी | १३ जून, दुपारी १.५०

मार्चमध्ये जोडले.

क्लीनअप म्हणजे?

ग्वाल्हेरकर | १३ जून, दुपारी २.१५

हां. मग बस आणि हिशेब कर.

चार नोड, तीन प्रती: प्रत्येकाकडे एकूण डेटाचा पाऊण भाग. सहा नोड, तीन प्रती: प्रत्येकाकडे अर्धा. नवे दोघं आले, त्यांनी आपापला हिस्सा जुन्यांकडून उतरवून घेतला. पण जुन्यांनी दिलेलं स्वतःकडून काढलं नाही. ते आपोआप होत नाही, मुद्दाम ठेवलेलं असतं, नव्या नोडचं काही बिनसलं तर आधार म्हणून. म्हणजे मार्चमध्ये जुन्या नोडवर जेवढं होतं त्यातला एक तृतीयांश भाग आता त्यांचा नाहीच. कोणी तो त्यांना विचारतही नाही. मुलगा वेगळा राहायला गेला, त्याचं कपाट मात्र अजून भरलेलं.

तुझे आकडे जुळतात. लोकेशनचं टेबल पाचव्यावर किती आहे?

रामबागी | १३ जून, दुपारी २.२८

९५० जीबी. जुन्यांवर १२५०.

म्हणजे ३०० उगाच. चार नोडवर मिळून बाराशे. आणि मी मे महिन्यात आणखी दोन एसएसडी मागवायचा ईमेल टाकला होता.

पोहे_जिरावण | १३ जून, दुपारी २.३१

तो ईमेल आधी मागे घे, मग क्लीनअप.

जुना_खलाशी | १३ जून, दुपारी ४.००

ग्वाल्हेरकर, शाब्बास. माझी नजर चौथ्या नोडवरून हललीच नाही.

आता क्रम. घाई केलीस तर पस्तावशील.

आधी स्नॅपशॉट. नावं आणि तारखा बघ, ज्याचा आहे त्याला विचार, एकाने तरी लेखी ‘हो’ म्हणू दे, मग क्लीअरस्नॅपशॉट. तुझ्या आवृत्तीत नुसती कमांड दिली तर सगळेच उडतात, म्हणून नाव देऊन काढ. ४.० पासून ‘सगळे’ असं स्पष्ट सांगावं लागतं, ते बरं केलं त्यांनी. यात डिस्कवर काही लिहावं लागत नाही, म्हणून ही पहिली पायरी.

मग डिस्कची फाइल सिस्टिम एक्स्ट४ असेल तर राखीव जागा. मुळात ५ टक्के रूटसाठी बाजूला असतात. तुझ्या २ टीबीत ते शंभर जीबी झाले. हे विभाजन फक्त डेटाचं असेल, त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम नसेल, तर ट्यूनटूएफएसने १ टक्क्यावर आण. ऐंशी जीबी सुटतात, मशीन बंदही करावं लागत नाही.

मग क्लीनअप, एका वेळी एकच नोड आणि जॉब्स एक. तो फाइल वाचून पुन्हा लिहितो, म्हणजे सगळ्यात मोठ्या फाइलीएवढी, तुझ्या बाबतीत ४१२ जीबी, जागा हाताशी हवी. वरच्या दोन पायऱ्यांनंतर ती आहे. सुरू करण्यापूर्वी नोडटूल स्टेटसमध्ये सहाही नोड यूएन, म्हणजे चालू आणि ठीक, दिसतायत याची खात्री कर, आणि नवे दोन नोड खरंच नीट उत्तरं देतायत याचीही. त्यांचा आधार आपण काढून घेतोय.

वेग: ३.११ मध्ये कॉम्पॅक्शनला मुळात सेकंदाला १६ एमबीची वेसण असते. १२५० जीबी त्या वेगाने म्हणजे एका नोडला बावीस तासांच्या आसपास. एसएसडीवर रात्री सेटकॉम्पॅक्शनथ्रूपुटने ४८ कर, सकाळी गाड्या निघायच्या आत परत १६. वाचनाचा वेळ वाढतोय का त्यावर डोळा ठेव. शून्य दिलंस तर वेसणच निघते, ते नको.

आणि शेवटी नोडटूल गार्बेजकलेक्ट. हे तुझ्यासाठीच बनवलंय जणू, ३.१० पासून आहे. एकेक फाइल घेतं, बाकीच्या फाइलींतल्या पाट्या बघतं आणि मेलेल्या ओळी वगळून ती फाइल पुन्हा लिहितं. सगळ्यांना एकत्र आणायची गरज नाही. एकेक माळा.

नवखा२३ | १३ जून, सायंकाळी ६.१०

पोस्टग्रेस डेटाबेसच्या व्हॅक्यूमसारखंच झालं की हे?

जुना_खलाशी | १३ जून, सायंकाळी ६.३०

चुलत भाऊ. साधा व्हॅक्यूम जागा फाइलीतल्या फाइलीत पुन्हा वापरायला मोकळी करतो, ऑपरेटिंग सिस्टिमला सहसा परत देत नाही. व्हॅक्यूम फुल देतो, पण टेबलला कुलूप लावून, आणि नवी प्रत लिहायला जागा त्यालाही लागतेच. हॉल मोकळा हवा हे कुठेच चुकत नाही.

रामबागी | १६ जून, सकाळी ८.४५

स्नॅपशॉट उडवले. ‘ट्रंकेटेड’च होते, गेल्या दिवाळीआधी कोणीतरी अलर्टचं टेबल रिकामं केलं होतं. विचारलं तर ज्याने केलं त्यालाही आठवत नाही. ९१ चे ७६. मग राखीव जागा कमी केली: ७३.

क्लीनअप चौथ्यावर शनिवारी रात्री दहाला लावला. रात्रभर पाऊस, आमच्याकडे दोनदा लाइट गेली, सर्व्हर डेटा सेंटरमध्ये आहे हे माहीत असूनही मी दोनदा उठून कॉम्पॅक्शनस्टॅट्स बघितलं. मधे ४१२ ची फाइल चालू असताना डिस्क पार ८८ पर्यंत चढली. तेव्हा काकांचा माळा आठवला, नाहीतर मी थांबवलंच असतं. मग ती जुनी फाइल सुटली आणि आकडा धाडकन खाली आला. आज सकाळी ५६.

जीवात जीव आला. साहेबांना सांगितलं, काम चालू आहे.

ग्वाल्हेरकर | १६ जून, सकाळी ९.०२

उरलेले तीन एकदम लावू नकोस आनंदाच्या भरात.

पोहे_जिरावण | १६ जून, सकाळी ९.१०

पोहे लागू. राजवाड्यावर, जिलेबीसकट.

वडोदऱ्याची_मी | १६ जून, सकाळी ११.४०

अभिनंदन! पण दादा, गार्बेजकलेक्टने आजचं भागेल, पुढच्या महिन्यात ती स्क्रिप्ट परत चालवणार का? मूळ आजार तिथे आहे. तुझा डेटा ठरावीक दिवशी मरणारा आहे. जन्मतानाच त्याची मरणतिथी माहीत आहे. मग तो एकेक करून का मारायचा?

टेबल नवीन कर. पार्टिशन की, म्हणजे कुठल्या ओळी एकत्र ठेवायच्या ते ठरवणारी किल्ली, गाडी आणि दिवस अशी जोडून, म्हणजे एका गाडीची वर्षानुवर्षांची एकच अवाढव्य पार्टिशन होणार नाही. डिफॉल्ट टाइम टू लिव्ह (टीटीएल, ओळीचं आयुष्य) ७७,७६,००० सेकंद, म्हणजे नव्वद दिवस. आणि कॉम्पॅक्शन स्ट्रॅटेजी टाइम विंडो. तिच्यात एका खिडकीतल्या, समजा चार दिवसांच्या, डेटाच्या फाइली फक्त आपसात मिसळतात. खिडकी मिटली की त्यांची एक फाइल होते आणि तिला पुन्हा कोणी हात लावत नाही. त्या फाइलीतलं सगळं शिळं झालं की आख्खी फाइल उडते. वाचायची नाही, लिहायची नाही, हॉलमध्ये काही मांडायचं नाही.

नव्वद दिवसांना चार दिवसांची खिडकी म्हणजे तेवीस फाइली. वीस-तीसच्या आत राहावं असा सल्ला असतो, तू बसतोस त्यात.

इंदूरवाल्याला हे मी काय सांगायचं! २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत पहिला नंबर घेतलात तो ओला-सुका दारातच वेगळा करता म्हणून ना? सगळं एका ढिगात टाकून मग तीन रात्री निवडत बसायचं, हा उद्योग तू डिस्कवर केलास.

रामबागी | १६ जून, दुपारी १२.०५

ताई, हे वर्मी लागलं. 😄 आमची कचरा गाडी गाणं वाजवत येते, माझी स्क्रिप्ट नुसतीच आली.

आहे त्याच टेबलवर टीटीएल आणि टाइम विंडो लावून नाही चालणार?

वडोदऱ्याची_मी | १६ जून, दुपारी १२.३०

लावता येईल, पण डिफॉल्ट टीटीएल त्यानंतर लिहिलेल्या ओळींनाच लागतो. आधीच्या ओळी अमरच राहणार, आणि त्या एका फाइलीत असल्या की ती आख्खी फाइल अडकते. शिवाय तुला पार्टिशन की बदलायची आहे, ती नव्या टेबलशिवाय बदलत नाही. दोन्हीकडे लिही, नव्वद दिवस होऊ देत, मग वाचन नव्यावर आण आणि जुनं सोड.

दोन पथ्यं. नव्या टेबलवर हाताने डिलीट नाही आणि जुन्या तारखेच्या ओळी मागाहून सुधारणं नाही, नाहीतर खिडक्यांमध्ये भेसळ होते. आणि ३.११ मध्ये डीसी लोकल रीड रिपेअर चान्स मुळात ०.१ असतो, तो शून्य कर. वाचता वाचता झालेली दुरुस्ती आजच्या फाइलीत जुनी ओळ घुसवते.

नवखा२३ | १६ जून, दुपारी १.१५

लेव्हल्ड स्ट्रॅटेजी का नको? मी वाचलं की तिला जागा कमी लागते.

वडोदऱ्याची_मी | १६ जून, दुपारी १.४०

लागते. १६० एमबीच्या छोट्या फाइली, दर पातळी आधीच्या दसपट, आणि एका पातळीत एक ओळ एकाच फाइलीत. म्हणून वाचन झटपट आणि दहाएक टक्के मोकळी जागाही पुरते. पण त्याची किंमत लिहिण्यात चुकती होते, तोच डेटा पातळ्या चढताना पुन्हा पुन्हा लिहिला जातो. दर दहा सेकंदांना हजारो गाड्या बोलताहेत तिथे ती दमते. ग्राहकांची माहिती, सेटिंग, अशा वारंवार बदलणाऱ्या आणि वाचल्या जाणाऱ्या टेबलांना लेव्हल्ड छान. २०२४ मध्ये ५.० सोबत युनिफाइड नावाची आली आहे, तिच्यात हे दोन्ही स्वभाव खुंट्या पिळून जुळवता येतात. पण दादाच्या ३.११ ला ती नाही.

रामबागी | २८ जून, रात्री ९.३०

चारही नोडचे क्लीनअप झाले, सहांवर गार्बेजकलेक्ट झालं. सुतक फिटल्यावर, म्हणजे रविवार २२ च्या रिपेअरनंतर, ते पुन्हा एकदा चालवलं, म्हणजे पाट्याही गेल्या. चौथा नोड आता २९ टक्के. लोकेशनचं टेबल १२५० वरून ४३० जीबी.

स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांतून) काढली. नवं टेबल ४ जुलैपासून.

एक गंमत. साहेबांनी ग्राफ बघितला आणि म्हणाले, एवढी डिस्क रिकामी आहे तर रिपोर्टिंगवाल्यांचा बॅकअप यावर ठेवू. मी त्यांना घरचा माळा विचारला. मग गप्प बसले. अलर्ट ६० ला लावलाय. आधीचा ८० ला होता आणि तो तीन महिने रोज येत होता असं ईमेल उघडल्यावर कळलं.

जुना_खलाशी | २८ जून, रात्री १०.१५

कॅसँड्रा कोण होती माहीत आहे ना? ग्रीक पुराणातली भविष्य सांगणारी. खरं तेच सांगायची आणि कोणी विश्वास ठेवत नसे.

रामबागी | १६ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

धागा वर काढतोय, कोणी रागावू नये. घरी दिवाळीची आवराआवर, हॉलमध्ये खरोखर बसायला जागा नाही, म्हणून लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसलोय.

काल पहाटे नव्या टेबलची पहिली फाइल गेली. पहिली खिडकी अर्धवट होती, त्यामुळे ११ जीबीचीच. गेल्या आठवड्यात मी घाबरलो होतो, नव्वद दिवस कधीच झाले, फाइल जागेवरच. मग हिशेब लक्षात आला: खिडकी मिटल्यापासून नव्वद, वर सुतकाचे दहा. लॉगमध्ये एक ओळ, बस. ना डिस्क हलली ना वाचनाचा वेळ.

त्याआधी ६ तारखेला जुनं टेबल ड्रॉप केलं होतं. डीएफ मारलं, आकडा जिथल्या तिथे. शेजारचा नवा मुलगा म्हणाला, दादा, ड्रॉप झालंच नाही. मी म्हटलं, लिस्टस्नॅपशॉट्स मार.

पोहे_जिरावण | १६ ऑक्टोबर, सकाळी ८.३१

आणि पोहे?